टॅपेट वाजतायत: घरी उघडू, मिस्त्रीकडे नेऊ की कंपनीत टाकू?

डिसेंबरात सकाळी साडेसहाला नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये डिझेल गाड्या एकामागून एक सुरू होतात आणि कोणाची कोणती, ते मला अंथरुणातच कळतं. तळमजल्यावरच्या काकांची २०१४ची स्विफ्ट मागच्या थंडीत सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद टकटकायची आणि गप्प व्हायची. या थंडीत ती पाथर्डी फाट्यापर्यंत टकटकत जाते. परवा त्यांनी मला जिन्यात गाठलं. "तू म्हणे स्कोडाचे टॅपेट घरीच बदललेस. मग मी का नको? मिस्त्री म्हणतो दोन दिवस गाडी ठेवा, कंपनीवाला म्हणतो चार दिवस आणि अख्खा सेट." माझ्या हातात दुधाची पिशवी होती, त्यामुळे "काका, निवांत सांगतो" एवढंच म्हणालो. निवांत सांगायचं ते हे. टॅपेट म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवट्यांचा फिरता दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट सांभाळणारा छोटा भाग.

मी अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये असतो. मापं घेणं हा माझा रोजचा धंदा आहे, इंजिन उघडणं नाही. हे आधी सांगतो, कारण घरी काम करायचं म्हटलं की लोक "मला जमेल का" एवढंच विचारतात. त्याहून मोठा प्रश्न आहे की तुमच्या इंजिनाला ते घरी केलेलं चालेल का. टॅपेटपर्यंत पोचायला टायमिंग (क्रँक, म्हणजे पिस्टनचा मुख्य दांडा, आणि कॅम यांची जुळणी) सुटतं की नाही, आणि सुटलं तर ते परत जुळवायचं हत्यार कोणाकडे आहे, यावर सगळा निकाल लागतो.

मुळात तुमच्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट आहेत का

हसू नका, माझ्या साडूने लोगानसाठी "हायड्रॉलिक टॅपेट" (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे) शोधत अख्खी सकाळ स्पेअरच्या दुकानांत घालवली होती. लोगान इथलीच, महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनलेली, पण तिचं दीड लिटरचं रेनो डिझेल इंजिन साध्या भरीव बकेट टॅपेटचं. व्हेरिटो डिझेलचंही तेच. त्यात फट वाढली तर वेगळ्या जाडीचा टॅपेट मोजून बसवायचा असतो. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोललाही भरीवच टॅपेट. जुन्या मारुती ८००ला रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि चेकनट असतो, फट मोजायच्या फीलर गेजची पात घालून अर्ध्या तासात सेटिंग होतं. या गाड्यांचा आवाज आला तर ते "टॅपेट सेटिंग"चं काम आहे, या लेखातलं नाही.

हायड्रॉलिक कोणाला? पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआयला आठ, तेही बकेटसारखे, थेट कॅमच्या खाली बसणारे. १.३ मल्टिजेटला सोळा, म्हणजे स्विफ्ट-डिझायर-रिट्झ डीडीआयएस, इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट, फियाट पुंतो या सगळ्यांना. स्कॉर्पिओच्या एमहॉकलाही सोळा. फोर्ड आयकॉनच्या रोकॅमलाही हायड्रॉलिकच. मल्टिजेट, एमहॉक आणि रोकॅममध्ये टॅपेट थेट कॅमखाली नसतो. छोट्या रोलरवाल्या फिंगरचं एक टोक त्याच्यावर टेकलेलं असतं, दुसरं व्हॉल्व्हवर, आणि कॅम मधल्या रोलरवर फिरतो.

आत मात्र सगळीकडे एकच करामत आहे. एक प्लंजर, त्याच्याखाली तेलाची कोठडी, तिच्या तोंडाशी एक बारीक गोळी आणि एक स्प्रिंग. कॅमचा उंचवटा दाबत नसतो तेव्हा स्प्रिंग प्लंजरला वर ढकलते आणि कोठडीत तेल येतं. उंचवटा दाबायला आला की गोळी तोंड बंद करते आणि आत अडकलेलं तेल लोखंडासारखं वागतं. फट कायम शून्य. प्लंजर आणि त्याच्या घरातली मोकळीक काही मायक्रॉनची असते. ती झिजून वाढली, किंवा गोळीच्या बैठकीत कचरा अडकला, की तेल दाबाखाली निसटतं, फट पडते आणि कॅम प्रत्येक फेरीला ठोका मारतो.

आवाज टॅपेटचाच आहे का

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. ८०० आरपीएमच्या आयडलला कॅम मिनिटाला ४०० फेऱ्या घेतो, म्हणजे एक खराब टॅपेट सेकंदाला साधारण सहा-सात वेळा वाजणार. हलका, कोरडा, वरून येणारा आवाज. खालून येणारा जड ठोका, जो चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो, तो बेअरिंगचा. तसा आवाज असेल तर पुढचं वाचू नका, गाडी बंद करा. एग्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग गेली असेल तरी थंडपणी हुबेहूब टिकटिक येते आणि लोखंड तापून फुगलं की बंद होते. या नकलेने चांगले चांगले मिस्त्री फसलेत.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून एकेक सिलिंडर ऐकायचा. फॅन आणि बेल्टपासून बाही सांभाळून. डिझेलमध्ये इंजेक्टरचा खडखडाट इतका असतो की पहिल्यांदा काहीच वेगळं कळत नाही. दहा मिनिटं ऐकल्यावर कळतं.

आणि त्याही आधी ऑइल. डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल, जुनं असेल, ग्रेड भलताच असेल किंवा फिल्टर असा असेल की रात्रभरात सगळं तेल खाली उतरतं, तर नवेकोरे टॅपेटही वाजतील. सुरू करताना दोन-चार सेकंद वाजून गप्प होणारे टॅपेट तर निरोगीच समजा. आवाज लपवायला जाड वीस-पन्नास ऑइल ओतणारे आहेत, त्याने थंड सकाळी तेल वर पोचायला आणखी वेळ लागतो. फ्लशच्या बाटल्यांबद्दल माझं मत वाईट आहे. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर तो जाऊन तळाच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीवर बसतो.

शेवटची तपासणी ऑइल प्रेशरची. सेन्सर काढून तिथे गेज लावायचा आणि गरम इंजिनवर मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. गेज मिस्त्रीकडे असतो, कामही थोडक्यातलं असतं. प्रेशरच कमी असेल तर टॅपेट बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

घरी: माझ्या ऑक्टाव्हियाची गोष्ट

माझी गाडी या कामाला बनल्यासारखी आहे. एक कॅम, आठ टॅपेट, इंजेक्टर हेडच्या बाजूला असल्यामुळे वाटेत येत नाहीत. कव्हर काढलं की कॅम समोर. तरीही कॅम उचलायचा म्हणजे टायमिंग बेल्ट उतरवायचा, आणि बेल्ट उतरवायचा म्हणजे कॅम आणि डिझेल पंप जागच्या जागी लॉक करायचे. कॅमच्या मागच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात पट्टी बसते; पंपाला पिन लागते. कॅमची पुली निमुळत्या दांड्यावर नुसती आवळलेली असते, चावी (पुली एका जागी धरणारी खुंटी) नसते, त्यामुळे पुलरशिवाय ती सुटत नाही आणि लॉकशिवाय ती कुठे बसली याचा काही भरवसा नाही. माझा बेल्ट तसाही बदलायला आला होता. आला नसता तर मी हे काम घरी काढलंच नसतं, हे कबूल करतो.

कव्हर काढण्याआधी अर्धा दिवस नुसता इंजिन पुसण्यात गेला. आमचं पार्किंग रस्त्याच्या पातळीला आहे, शेजारी बांधकाम चालू. कार्टन फाडून तिन्ही बाजूंनी आडोसा केला. हे हास्यास्पद वाटलं तर बॉशच्या नाशिक कारखान्यात काम केलेला कोणीतरी तुमच्या ओळखीत असेलच, इंजेक्टरच्या नोझलला धुळीचा एक कण काय करतो ते त्याला विचारा.

कव्हर निघाल्यावर मोजणी. ज्या सिलिंडरचे उंचवटे वर आहेत त्याचे टॅपेट प्लास्टिकच्या काडीने हलकेच दाबायचे आणि कॅम-टॅपेटमध्ये फीलर गेज घालून बघायचा. या इंजिनात ०.१ मिलिमीटरची पात आत गेली तर तो टॅपेट बाद. माझ्या आठांपैकी तीनमध्ये ती सरळ गेली, एकात जरा अडखळत. पाचवा संशयित. मी आठही बदलले.

कॅमच्या कॅप पाच. त्यांच्यावर आकडे असतात आणि प्रत्येकीची दिशा ठरलेली असते, तरी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आधी ५, १ आणि ३ काढायच्या, मग २ आणि ४ चे नट आळीपाळीने, तिरके, थोडे थोडे. खालच्या स्प्रिंगा कॅमला वर ढकलत असतात. एक बाजू एकदम सोडली तर कॅम वाकतो किंवा मोडतो. बसवताना उलटं, आधी २ आणि ४, २० न्यूटन मीटरला, मग बाकीच्या. पुढच्या कॅपच्या बैठकीला सीलंटचा अगदी पातळ थर आणि कॅमचं पुढचं सील नवं.

टॅपेट बोटांनी निघतात, न निघाले तर चुंबकाने. निघाला की उलटा, कॅमला घासणारी बाजू खाली करून ठेवायचा, म्हणजे आतलं तेल राहतं. मी अंड्यांचा प्लास्टिकचा ट्रे घेतला होता, खाचांवर मार्करने आकडे टाकले. पस्तीस मिलिमीटरचा टॅपेट अंड्याच्या खाचेत काय सुंदर बसतो! टॅपेट परत वापरायचे असतील तर ज्याची जागा त्यालाच. एकमेकांत फिरवले तर घासून जुळलेले पृष्ठभाग परक्याशी झगडतात.

मग ट्यूबलाइटखाली बसलो. जुन्या टॅपेटच्या माथ्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि डोळ्यासमोर आणली. कडांना पट्टी टेकलेली आणि मधोमध उजेडाची चंद्रकोर. नव्यावर असा मधला उजेड दिसत नाही. हे झिजणं नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर फक्त चकाकी दिसते, आणि चकाकी लोकांना चांगली वाटते. याच पट्टीमुळे मी कॅमकडेही वळलो. सगळ्या इनटेक उंचवट्यांची उंची मायक्रोमीटरने घेतली, मग एग्झॉस्टची. आपापसात जुळली, खड्डे नव्हते. कॅमचा उंचवटा खरवडला असता तर नवे टॅपेट घालणं म्हणजे नवे बूट घालून काट्यांत चालणं. मग कॅमही बदलायचा, आणि तेव्हा हिशेबच बदलतो.

नवे टॅपेट बसवले, कॅमवर ऑइल चोळलं, सगळं आवळलं आणि आता सगळ्यात अवघड काम आलं, थांबायचं. नवे टॅपेट तेलाने फुगलेले असतात. लगेच स्टार्टर मारला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होता पिस्टनला लागू शकतात. या इंजिनाला निदान अर्धा तास स्टार्टर लावायचा नाही, तेवढ्यात स्प्रिंगांच्या दाबाने ते आपापल्या उंचीला बसतात. मुलगा चावी घेऊन उभा. "बाबा, झालं ना?" त्याला वडापाव आणायला पाठवलं. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं. कुठे टणक अडकलं तर तिथेच थांबायचं असतं, जोर लावायचा नसतो. कुठे अडकलं नाही.

सुरू केल्यावर आठही टॅपेट असे वाजले की माझं पाणी पाणी झालं. हेही अपेक्षितच असतं. रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत इंजिन तापवायचं, मग २५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरायचं. पंखा फिरला, दीड मिनिटाने एकेक करत सगळे गप्प झाले. तो क्षण फार छान असतो, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता नुकसानीचं. टॅपेट कव्हरचा शेवटचा बोल्ट आवळताना टॉर्क पाना लांब राहिला होता. हाताने "बस, अजून जरासा" केलं आणि बोल्ट एकदम हलका फिरायला लागला. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले. रोज दुसऱ्यांना टॉर्कवरून बोलणारा मी! अंबडमधल्या एका जॉब शॉपवाल्याने घरी येऊन, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून किस आत पडू न देता हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून दिली. तासाभराचं काम, पण ते दिवाळीच्या आधीच्या रविवारी. आणि डिझेल पंपाचं टायमिंग शेवटी लॅपटॉप लावूनच तपासावं लागतं, त्यासाठी मी मिस्त्रीकडे गेलोच. म्हणजे "घरी केलं" हे नव्वद टक्केच खरं.

किती वेळ? दोन सुट्ट्या आणि मधल्या तीन संध्याकाळी. दरम्यान ऑफिसला दुचाकी. घरात एकच गाडी असेल आणि आई-वडिलांना दवाखान्यात न्यायची वेळ येत असेल तर हा मुद्दा पैशाच्या वरचा आहे.

मिस्त्रीकडे

आता काकांची स्विफ्ट. तिच्या १.३ मल्टिजेटमध्ये कव्हर काढून कॅम समोर येत नाही. दोन्ही कॅम एका वरच्या घरात असतात आणि ते घर अख्खं उचलावं लागतं. इंजेक्टर आणि त्यांच्या हाय-प्रेशर नळ्या वाटेत. या नळ्यांत चालू इंजिनला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, त्यांच्या जोडावर कचरा गेला की टॅपेटची दुरुस्ती इंजेक्टरच्या बिलात जाते. टायमिंगला चेन, आणि कॅम अचूक जागी धरायला घरात बसणाऱ्या खास पिना. माझ्या गाडीत जे काम एक जिना उतरण्याइतकं आहे ते इथे तीन जिने आहे. काकांना माझं उत्तर इथेच ठरलं: घरी नको.

तर मिस्त्री. मिस्त्रीचा सगळ्यात मोठा गुण त्याचा कान. जो महिन्यात चार डीडीआयएस उघडतो त्याला मल्टिजेटची चेन आणि टॅपेट यांतला फरक बॉनेट उघडायच्या आधी कळतो. आणि तो फरक महत्त्वाचा आहे, कारण या इंजिनात चेनचा टेन्शनरही ऑइलच्याच दाबावर चालतो. ऑइलची हेळसांड झाली असेल तर टॅपेट एकटे खराब होत नाहीत. चेन सैल होऊन एखादा दात सरकला तर फिंगर मोडतात, हा या इंजिनाचा प्रसिद्ध आजार. म्हणून उघडलंच आहे तर चेन बघ, असं सांगायला हवं. चांगला मिस्त्री न सांगता बघतो.

मिस्त्रीच्या दुखऱ्या जागा तीन. पहिली, पिनांऐवजी व्हाइटनर. चेनवर आणि गिअरवर पांढऱ्या खुणा करून बरेच जण काम उरकतात. नव्वद वेळा जमतं. दुसरी, टॉर्क पाना भिंतीवर टांगलेला आणि त्यावर धूळ. तिसरी, पार्ट. टॅपेटसारख्या वस्तूत नकली माल ओळखणं माझ्यासारख्यालाही मायक्रोमीटरशिवाय कठीण, खोका हुबेहूब असतो. त्यामुळे पार्ट नंबर काढून, बिलाने, स्वतः आणायचे. द्वारका-मुंबई नाका भागात फिरण्यापेक्षा आधी फोनवर नंबर सांगून विचारा. आयएनएसारख्या मूळ बनवणाऱ्याच्या खोक्यातले टॅपेट गाडीच्या कंपनीच्या खोक्यातल्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतात. एवढं मात्र आहे की पार्ट तुमचे असले तर काही मिस्त्री कामाची हमी देत नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नाही.

गाडी देताना मी त्याला सरळ विचारतो: मल्टिजेटच्या लॉक पिना दाखव. राग आला तर दुसरा मिस्त्री. अजून एक, फक्त वाजणारे चार टॅपेट बदलून बाकीचे तसेच ठेवायचा सल्ला आला तर विचार करा. पैसा वाचतो खरा, पण लेबर तेच पडतं, आणि उरलेल्या बारांनीही तेवढेच किलोमीटर आणि तेच ऑइल खाल्लेलं असतं. "धुऊन बसवतो" म्हणणाऱ्यांचंही तसंच. डिझेलमध्ये दाबून-सोडून धुतलेले टॅपेट गाळाने अडकलेले असतील तर खरंच मोकळे होतात, झिजलेले असतील तर दोन महिन्यांनी पुन्हा वाजतात. प्लंजर आणि त्याचं घर ही जन्माची जोडी असते, धुताना एकमेकांत मिसळली तर धडधाकट टॅपेटही बाद.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये

इथे हत्यार असतं, टॉर्कचे आकडे असतात, पक्कं बिल मिळतं आणि कामाची हमी लेखी मिळते. गाडी वॉरंटीत किंवा वाढीव वॉरंटीत असेल तर विचारच करू नका, दुसरीकडे पानाही लावू देऊ नका.

जुन्या गाडीला मात्र चित्र बदलतं. मारुतीने डिझेल गाड्या २०२०च्या एप्रिलपासून थांबवल्या, म्हणजे आज तिथे कामाला लागलेल्या पोराने डीडीआयएसचं हेड आयुष्यात किती वेळा उघडलं असेल, हे तुम्हीच ठरवा. जुना फोरमन असेल तर नशीब. दुसरं म्हणजे वर्कशॉप सुटे भाग बदलण्यापेक्षा असेंब्ली बदलायला बघतं. माझ्या कारखान्यातल्या एकाला एका वर्कशॉपने टिकटिकीसाठी अख्ख्या हेडचं एस्टिमेट दिलं होतं. शेवटी निघाली एग्झॉस्टची पॅकिंग.

पैशाचं

आकडे मुद्दाम देत नाही. टॅपेट कोणत्या खोक्यातून येतो त्यावर भाव दुपटीने हलतो. पण तिन्ही एस्टिमेट शेजारी ठेवताना यादी एकच धरा, नाहीतर तुलना फसवी होते: सगळे टॅपेट, कव्हरची पॅकिंग, कॅमचं सील, जे बोल्ट परत वापरायचे नसतात ते नवे, बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप, चेनवाली असेल तर निदान टेन्शनर, ऑइल (माझ्या गाडीत साडेचार लिटर), फिल्टर. मिस्त्रीचा आकडा निम्मा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा यातलं निम्मं त्यात नसतं. एस्टिमेट जुनं असेल तर नवं मागा. २२ सप्टेंबर २०२५पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता.

घरच्या कामात लेबर वाचतं आणि हत्यारांत जातं. छोटा टॉर्क पाना (पाच ते पंचवीस न्यूटन मीटरचा) दोन-तीन हजारांपासून पुढे. तो हवाच, मोठा पाना या कामाला बिनकामाचा. वर लॉकची पट्टी आणि पिन, पुलर, फीलर गेज. एकदाच वापरायचं असेल तर घरचं काम स्वस्त पडत नाही, मला पडलं नाही. पुढे वापरणार असाल तर गोष्ट निराळी, माझा टॉर्क पाना त्यानंतर बिल्डिंगमधल्या सहा गाड्यांना लागलाय. अर्थात फुकट.

जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, हे सांगायला लागू नये. आमच्याकडची गटारं नासर्डीला जातात आणि नासर्डी गोदावरीला. कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडे द्या, त्याच्याकडून ते घेणारे येतात.

मग कोणी कुठे

बकेट टॅपेट, एक कॅम, बेल्ट तसाही बदलायला आलेला, दोन आठवडे गाडीशिवाय चालतंय आणि लॉकची हत्यारं उसनी का होईना मिळतायत, तर घरी करा, मजा येईल. यातली बेल्टची अट मी सगळ्यात वर ठेवीन. फिंगर आणि रोलरवाल्या सोळा व्हॉल्व्हच्या डिझेलला मिस्त्री, पण पार्ट तुमचे आणि पिना त्याच्या. एमहॉकवाल्यांनाही हेच. वॉरंटी असेल तर कंपनी. आणि तुम्ही गाडी सहा महिन्यांत विकणार असाल तर ऑइल बदला, घेणाऱ्याला आवाज ऐकवा आणि भावात कमी करा. लपवू नका, नाशिक काही इतकं मोठं नाही.

एक मधला मार्गही आहे, जो काकांनी धरला. आधी ऑइल आणि योग्य फिल्टर बदलला. मागच्या वेळी कुठलातरी सुटा, बिनखोक्याचा फिल्टर लावलेला निघाला. टकटक पाथर्डी फाट्यावरून अंबड लिंक रोडच्या वळणापर्यंत मागे आली, पण गेली नाही. मग मिस्त्रीकडे नेऊन प्रेशर मोजून घेतलं, ते ठीक निघालं. आम्ही दोघांनी स्क्रूड्रायव्हरने ऐकलं, तिसऱ्या सिलिंडरवर स्पष्ट होतं. पार्ट नंबर मी काढून दिलाय, टॅपेटची ऑर्डर काकांनी स्वतः दिलीय, मिस्त्रीने पिना दाखवल्यात, त्याही न चिडता. पुढच्या सोमवारी गाडी उघडणार आहे आणि काका तिथे खुर्ची टाकून बसणार आहेत. जुने सोळाही परत पाहिजेत, हे बोलून ठेवलंय, मला पट्टी लावून बघायचेत.

काल रात्री ते वर आले आणि अंड्यांचा ट्रे मागून घेऊन गेले. तीस खाचांचा आहे, माझे एक ते आठ आकडे अजून त्यावर आहेत. नववा आकडा कुठून सुरू करायचा, हे त्यांनी जाताना दोनदा विचारलं.